नंबरप्लेटवरची चिकटपट्टी आणि न्यायमूर्ती सूटर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला न्यू हॅम्पशायर नावाचं छोटं राज्य आहे. तिथल्या खासगी गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याचं ब्रीदवाक्य उठवलेलं असतं: ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’. १९७४ साली जॉर्ज मेनार्ड नावाच्या गृहस्थांनी आपल्या गाडीवरच्या या अक्षरांवर चिकटपट्टी लावली. ते आणि त्यांची पत्नी यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचे. आयुष्य देवाने दिलेलं आहे, ते राज्यासाठी टाकून देण्याची भाषा आम्ही आमच्या गाडीवर मिरवणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शेजारपाजारची पोरं ती पट्टी सारखी ओढून काढायची. शेवटी मेनार्ड यांनी ‘नाहीतर मरा’ एवढा पत्राच कातरून टाकला आणि भोकावर पुन्हा पट्टी डकवली.

प्लेटवरची अक्षरं झाकणं हा तिथे गुन्हा होता. पहिल्या वेळी २५ डॉलर दंड झाला, दुसऱ्या वेळी ५०. दंड भरणार नाही म्हटल्यावर मेनार्ड यांनी १५ दिवस तुरुंगात काढले. पुढे पती-पत्नी दोघं संघराज्याच्या न्यायालयात गेले, तिथे जिंकले, आणि राज्य सरकार अपिलात थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. तिथे सरकारची बाजू मांडण्याची जबाबदारी राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, ऑफिसवर होती. १९७७ साली निकाल लागला तेव्हा त्या खुर्चीत ३७ वर्षांचे डेव्हिड सूटर बसले होते.

सरकार हरलं. आणि तेरा वर्षांनी हेच सूटर त्याच सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून दाखल झाले.

काल सरकारची तळी उचलणारा माणूस आज सरकार आणि नागरिक यांच्यात निवाडा कसा करणार, ही शंका आपल्याकडेही सतत ऐकू येते. ती रास्त आहे. तिचं उत्तर समजून घ्यायला सूटर यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

आधी हे पद काय आहे ते पाहू. आपल्याकडे राज्याचा सर्वात वरचा सरकारी वकील म्हणजे महाधिवक्ता, कोर्टातल्या बोलीत ‘एजी’. राज्यघटनेच्या कलम १६५ नुसार राज्यपाल त्यांची नेमणूक करतात, आणि उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता असलेल्या व्यक्तीचीच करता येते. म्हणजे घटनाकारांनी या पदाला न्यायाधीशाचंच माप लावलं. पण महाधिवक्त्याचं काम मुख्यतः दोनच: सरकारला कायद्याचा सल्ला देणं आणि कोर्टात सरकारतर्फे उभं राहणं. त्यांच्या हाताखाली अख्खं खातं नसतं.

अमेरिकेतल्या राज्याचा अॅटर्नी जनरल मात्र स्वतःच एक खातं असतो. त्याच्याकडे पगारी वकिलांची फौज असते. ग्राहकांना फसवणाऱ्या कंपन्यांवर तो दावे लावतो, आमदारांना आणि खात्यांना लेखी मत देतो, राज्याच्या कायद्यांना आव्हान मिळालं की त्यांचा बचाव करतो. ५० पैकी ४३ राज्यांत तो लोकांच्या मतांवर निवडून येतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हे पद म्हणजे गव्हर्नरपदाची आधीची पायरी. न्यू हॅम्पशायर उरलेल्या सातांपैकी एक. तिथे गव्हर्नर नाव सुचवतो आणि पाच जणांची कार्यकारी परिषद त्यावर शिक्कामोर्तब करते. आणखी एक वेगळेपण म्हणजे राज्यातले खुनाचे खटले चालवण्याचं काम जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे नसतं, अॅटर्नी जनरलच्या ऑफिसकडे असतं.

हा तपशील महत्त्वाचा आहे. सूटर यांना आयुष्यात कधीच मतं मागावी लागली नाहीत. न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीशही निवडून येत नाहीत, तेही गव्हर्नर आणि परिषदच नेमते, वयाच्या सत्तरीपर्यंत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीशांना निवडणूक लढवावी लागते, त्यासाठी वर्गणी गोळा करावी लागते. सूटर ज्या वाटेने वर गेले त्या वाटेवर प्रचारसभा नव्हती.

जन्म १९३९ चा, शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधला. आईवडिलांना एकुलते एक. ११ वर्षांचे असताना कुटुंब न्यू हॅम्पशायरच्या वेअर गावी आजोळच्या जुन्या शेतघरात राहायला आलं. शिक्षण हार्वर्डला, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग पुन्हा हार्वर्डला कायदा. असा माणूस न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये जाणार असं कुणालाही वाटलं असतं. ते गेले राज्याच्या राजधानीत, काँकर्डला. तिथे दोन वर्षं खासगी वकिली केली. त्यात मन रमेना, म्हणून १९६८ मध्ये अॅटर्नी जनरलच्या ऑफिसात फौजदारी विभागाचे साहाय्यक वकील म्हणून लागले. १९७१ मध्ये तेव्हाचे अॅटर्नी जनरल वॉरन रडमन यांनी त्यांना आपला उपप्रमुख केलं. रडमन यांनी या माणसाची बुद्धी जवळून पाहिली. पुढे ते सिनेटर झाले आणि प्रत्येक वळणावर सूटर यांच्या नावाचा आग्रह धरत राहिले. १९७६ मध्ये रडमन पायउतार झाले आणि ती खुर्ची सूटर यांच्याकडे आली.

तेव्हा गव्हर्नर होते मेल्ड्रिम थॉमसन, कट्टर उजव्या विचारांचे आणि वाद अंगावर घेणारे. त्यांनी एखादा हुकूम काढावा आणि तो कोर्टात टिकवण्याची धडपड सूटर यांच्या ऑफिसने करावी, असं दोन वर्षं चाललं. नंबरप्लेटचं प्रकरण त्यातलंच. ३० एप्रिल १९७७ ला सीब्रूक गावी अणुवीज प्रकल्पाच्या जागेवर निदर्शकांनी ठिय्या मांडला. १,४१४ जणांना अटक झाली, त्यातल्या अनेकांना नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या शस्त्रागारांच्या इमारतींत जवळजवळ दोन आठवडे ठेवलं. सरकारी पक्षाने नरमाईची भूमिका घेतली नाही. १९७८ मध्ये गव्हर्नरांनी गुड फ्रायडेच्या दिवशी सरकारी इमारतींवरचे झेंडे येशूच्या स्मरणार्थ अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश काढला. त्याचंही समर्थन सूटर यांच्या ऑफिसला करावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो आदेश रोखला. त्याआधी, साहाय्यक वकील असताना, मतदानासाठी लिहिता-वाचता आलं पाहिजे या राज्याच्या जुन्या अटीचा बचावही त्यांनी केला होता.

ही यादी वाचली की माणसाचं एक चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. इथेच आपण चुकतो.

वकील जेव्हा वकीलपत्र घेतो तेव्हा तो पक्षकाराची बाजू मांडतो, स्वतःची नाही. खासगी वकिलाला निदान ‘ही केस मला नको’ म्हणण्याची मुभा असते. सरकारच्या वकिलाला ती फार थोडी. विधिमंडळाने कायदा केला, तो कुणी आव्हानित केला, तर त्या कायद्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहायलाच हवं. नाहीतर लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचं म्हणणं न ऐकताच निकाल लागेल. अॅटर्नी जनरलचं काम त्या म्हणण्यात जी काही ताकद आहे ती शेवटच्या थेंबापर्यंत काढून न्यायालयापुढे ठेवणं. मेनार्ड यांच्या प्रकरणात राज्याने दोन कारणं दिली. ब्रीदवाक्यामुळे पोलिसांना खासगी गाड्या चटकन ओळखता येतात, आणि त्यातून राज्याचा इतिहास, स्वाभिमान जपला जातो. न्यायालयाने दोन्ही बाजूला सारली. गाडी ओळखायला नंबर पुरेसा आहे. आणि अभिमान जागवायचा तर सरकारने स्वतः जागवावा, नागरिकाला त्या विचाराचा चालता-फिरता जाहिरातफलक बनवता येणार नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं.

आपल्या वाचकाला यात ओळखीचं काही वाटेल. याच पंथाच्या तीन मुलांना १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेने काढून टाकलं होतं. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. खंड वेगळे, घटना वेगळ्या, प्रश्न एकच.

आता पुढची पायरी. १९७८ मध्ये सूटर सुपीरिअर कोर्टाचे न्यायाधीश झाले. नावात ‘वरिष्ठ’ असलं तरी हे मूळ दाव्याचं न्यायालय: साक्षी, उलटतपासण्या, ज्युरी, शिक्षा सगळं इथे. न्यायाधीश एका जागी बसत नसत. राज्यातल्या दहा काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, फिरून काम चालवत. अॅटर्नी जनरलच्या टेबलावर येतात ती प्रकरणं, कागद, घटनेची कलमं. सुपीरिअर कोर्टात येतात ती माणसं. शिक्षा देताना ते कडक म्हणून ओळखले जात. पण या पाच वर्षांनी त्यांना काय दिलं, ते त्यांनीच १९९० मध्ये सिनेटपुढे शपथेवर सांगितलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की न्यायालय खालचं असो वा वरचं, आपल्या कामाच्या शेवटी कुठल्या तरी माणसावर परिणाम होणार असतो, कुणाचं तरी आयुष्य बदलणार असतं. म्हणून बुद्धी, मन, जे काही आपल्याजवळ आहे ते सगळं पणाला लावून निकाल बरोबर द्यायला हवा.

मला हा त्यांच्या कारकिर्दीचा कणा वाटतो. सरकारी वकिलाला समोरचा माणूस ‘प्रतिवादी’ म्हणून भेटतो. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाला तोच माणूस घाबरलेला, घामेजलेला, कधी खोटं बोलणारा, कधी पोराबाळांसाठी रडणारा असा भेटतो. ज्या न्यायमूर्तीच्या वाटेत हा टप्पा येतच नाही, त्याच्या निकालपत्रात कायदा असतो, माणूस नसतो. सूटर यांच्या वाटेत दोन्ही टप्पे आले, आणि योग्य क्रमाने आले.

१९८३ मध्ये गव्हर्नर जॉन सुनुनू यांनी त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. १९९० च्या वसंतात राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यांना बोस्टनच्या संघीय अपील न्यायालयावर घेतलं. तिथे खुर्ची उबदार व्हायच्या आत, जुलैमध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन निवृत्त झाले. सुनुनू तोवर बुश यांच्या व्हाइट हाउसचे प्रमुख अधिकारी झाले होते, रडमन सिनेटमध्ये होते. तीन दिवसांत सूटर यांचं नाव जाहीर झालं.

आपल्याकडे न्यायमूर्तींचं कॉलेजियम नावं सुचवतं आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव देतो, सिनेट जाहीर चौकशी करून मत देतं, आणि नेमणूक तहहयात असते. म्हणून तिथे एका नेमणुकीचे पडसाद तीस-तीस वर्षं उमटतात. सूटर यांनी वादग्रस्त विषयांवर फारसं लिहिलेलं नव्हतं, भाषणं ठोकलेली नव्हती. पत्रकारांनी त्यांना रडारवर न दिसणाऱ्या विमानाची उपमा दिली. विरोधकांना भीती होती ती त्या जुन्या सरकारी खटल्यांची. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी साक्षरता चाचणीच्या बचावावरून त्यांना धारेवर धरलं. मी तेव्हा राज्याचा वकील होतो आणि राज्याची बाजू मांडत होतो, हा सूटर यांच्या उत्तराचा सूर. ९० विरुद्ध ९ मतांनी त्यांची निवड कायम झाली.

बुश यांच्या गोटाला वाटलं होतं, आपला माणूस बसवला. थॉमसन यांच्या सरकारचा वकील, कडक शिक्षा देणारा न्यायाधीश, आणखी काय हवं? १९९२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न केसी खटल्यातून पुन्हा आला. हा हक्क मान्य करणारा १९७३ चा रो खटल्याचा निकाल आता मोडीत निघणार अशी सर्वांची अटकळ होती. सूटर यांनी सँड्रा डे ओ’कॉनर आणि अँथनी केनेडी यांच्यासह संयुक्त निकालपत्र लिहिलं आणि ५ विरुद्ध ४ मतांनी त्या हक्काचा गाभा टिकवला. पायंड्याविषयीचा भाग सूटर यांच्या लेखणीतला. पायंडा म्हणजे आधीच्या निकालाला बांधून राहणं. लोकांनी एका निकालाच्या भरवशावर आयुष्यं उभारलेली असतात. केवळ राजकीय दबावापोटी न्यायालयाने तो फिरवला तर न्यायालयावरचा विश्वासच उडेल, असं ते सांगणं होतं. ३० वर्षांनी, २०२२ मध्ये, नव्या बहुमताने रो आणि केसी दोन्ही रद्द केले. पण १९९२ नंतर उजव्या गटांत ‘आता आणखी सूटर नकोत’ ही घोषणाच झाली, आणि न्यायमूर्ती निवडण्यापूर्वी उमेदवाराची विचारसरणी बारकाईने तपासण्याची रीत घट्ट झाली.

मग सूटर बदलले का? मला तसं वाटत नाही. आता ते दोन जुने खटले पुन्हा समोर ठेवा.

गुड फ्रायडेचे झेंडे. २००५ मध्ये केंटकी राज्यातल्या न्यायालयांच्या इमारतींत बायबलमधल्या दहा आज्ञा लावण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. ५ विरुद्ध ४ बहुमताचं निकालपत्र सूटर यांनी लिहिलं: सरकारने एका धर्माची बाजू दुसऱ्याविरुद्ध घ्यायची नाही, आणि धर्म मानणाऱ्याची न मानणाऱ्याविरुद्धही नाही. सरकार ‘आमचा हेतू धार्मिक नव्हता’ म्हणून नंतर जोडलेली कारणं देतं, तेव्हा ती कारणं खरी आहेत की कोर्टापुरती बेतलेली, हे न्यायालयाने पाहिलंच पाहिजे, हेही त्यात आहे. अशी कारणं कशी तयार होतात हे एखाद्या माजी अॅटर्नी जनरलला जितकं कळतं तितकं कुणाला कळणार?

आणि नंबरप्लेट. १९९५ मध्ये बोस्टनच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीचा खटला आला. खासगी आयोजकांनी समलिंगी मंडळींच्या गटाला स्वतःचा फलक घेऊन सामील होऊ दिलं नव्हतं. राज्याच्या न्यायालयांनी ‘घ्या’ असं फर्मावलं होतं. सूटर यांनी नऊच्या नऊ न्यायमूर्तींतर्फे लिहिलं, की मिरवणूक हे आयोजकांचं बोलणं आहे आणि त्यांना नको असलेला संदेश त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार राज्याला नाही. या निकालाने ज्यांना दुखावलं त्यांचं दुःख मला समजतं. पण तत्त्व ओळखू येतं ना? मेनार्ड यांच्या पत्र्याच्या तुकड्यातलंच ते तत्त्व. १९७७ मध्ये सूटर यांच्या ऑफिसला ते सांगून हरवलं गेलं होतं. १९९५ मध्ये ते त्यांच्याच शब्दांत देशाला बांधणारा कायदा झालं.

याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. माझ्या मते हीच व्यवस्थेची शान आहे. वकिलाने वकिलाचं काम मन लावून केलं, न्यायाधीशाने न्यायाधीशाचं. अट एकच, की जुन्या हातातलं प्रकरण नव्या हातात येता कामा नये. आपण वकील म्हणून हाताळलेली केस समोर आली तर न्यायाधीशाने बाजूला व्हायचं. मुंबई उच्च न्यायालयात याला सरळ ‘नॉट बिफोर मी’ म्हणतात.

सगळ्यांचाच प्रवास असा सोपा नसतो. अर्ल वॉरन १९३९ पासून कॅलिफोर्नियाचे अॅटर्नी जनरल होते, तेही निवडून आलेले. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना किनारपट्टीवरून हटवण्यासाठी त्यांनी जोर लावला. देशभरात सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत गेली. हेच वॉरन १९५३ मध्ये सरन्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा एकमुखी निकाल त्यांनी दिला. छावण्यांमागचा आग्रह मात्र कुठल्या पक्षकाराच्या वतीने नव्हता, तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. सूटर आणि वॉरन यांच्यातला हा फरक नजरेआड करू नये.

आपल्याकडे मात्र मोठ्या महाधिवक्त्यांची परंपरा उलटी. मोतीलाल सेटलवाड १९३७ ते १९४२ मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते, पुढे देशाचे पहिले महान्यायवादी झाले, वकीलच राहिले. होरमसजी सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षं मुंबई आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. सर्वोच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिपद त्यांनी नाकारलं. वकिलीतच आपण जास्त उपयोगी पडू असं वाटणं यातही मोठेपण आहे. पण सरकारची खरी अडचण आतून पाहिलेली माणसं न्यायासनावर कमी जातात, हे आपलं नुकसान मला बोचतं.

सूटर वॉशिंग्टनमध्ये १९ वर्षं राहिले, पण त्या शहराचे झाले नाहीत. संगणक वापरला नाही, निकालपत्रं फाउंटन पेनने लिहिली. दुपारचं जेवण म्हणजे दही आणि एक सफरचंद, बियांच्या गाभ्यासकट संपूर्ण खाल्लेलं. न्यायालयात कॅमेरे आणायचे तर माझ्या प्रेतावरून आणावे लागतील, असं त्यांनी १९९६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीला सांगितलं होतं. तहहयात नेमणूक असून २००९ मध्ये, सत्तरीही गाठायच्या आत, ते स्वतःहून निवृत्त झाले. त्यांच्या जागी सोनिया सोटोमायोर आल्या. त्यानंतरही बोस्टनच्या अपील न्यायालयात ते बरीच वर्षं खटले ऐकत राहिले.

वेअरचं ते शेतघर मात्र सोडावं लागलं. हजारो पुस्तकांचं वजन जुन्या घराला पेलेना, म्हणून जवळच हॉपकिंटनला त्यांनी एकमजली घर घेतलं. ८ मे २०२५ रोजी, ८५ व्या वर्षी, न्यू हॅम्पशायरमध्येच घरी त्यांचं निधन झालं. आपले कागदपत्र त्यांनी राज्याच्या इतिहास मंडळाला दिले आहेत, आणि मृत्यूनंतर ५० वर्षं ते कुणालाही उघडता येणार नाहीत.